पहिल्या रांगेतली शेवंता

झाकण पडलं तेव्हा मी फळ्यावर कोंबडा काढत होते. खिचडीच्या मोठ्या पातेल्याचं जर्मनचं झाकण ते. फरशीवर आपटलं आणि गरगर फिरत कितीतरी वेळ वाजत राहिलं. माझ्या हातातला खडू मोडला, कोंबड्याची शेपटी वाकडी झाली. अठ्ठावीस पोरं दचकली, त्यातली दोघं रडायलाच लागली.

"मावशी, हातात जीव नाही का?" मी म्हणाले.

तानूमावशी आमच्या अंगणवाडीची मदतनीस. पोरांना घरोघरी जाऊन आणायचं, खिचडी शिजवायची, नाकं पुसायची, खोली झाडायची, हे तिचं काम. एरवी एक बोललं की दोन ऐकवणारी बाई. पण त्या दिवशी ती झाकण उचलायलाही वाकली नाही. पहिल्या रांगेकडे बघत उभी राहिली.

"बाई," ती हळू आवाजात म्हणाली, "शेवंतानं मान वळवली न्हाई."

मी बघितलं. शेवंता कोकरे पहिल्या रांगेत मांडी घालून बसली होती आणि माझ्या वाकड्या शेपटीच्या कोंबड्याकडे एकटक बघत होती. शेजारचा बजरंग मागे वळला होता. ते तिच्या ध्यानात आलं तशी तीही वळली, आणि सगळे काय बघतायत ते शोधू लागली.

"वळली की," मी म्हणाले.

"बजरंग वळला म्हनून वळली."

"मावशी, तुम्ही खिचडीचं बघा. पोरांचं मी बघते."

तिनं झाकण उचललं, पदरानं पुसलं, पातेल्यावर ठेवलं आणि स्टोव्हकडे तोंड करून बसली.

या गोष्टीला वीस वर्षं होऊन गेली. माणदेशातलं आमचं काळखिंडी हे गाव. पाऊस नावाला, मेंढरं मात्र मोप. मारुतीच्या देवळामागची एक खोली म्हणजे माझी अंगणवाडी. मी तेव्हा पस्तिशीची होते. बारावी झालेली गावातली पहिली सून, आणि ते मी कुणाला विसरू देत नव्हते. माझ्या तोंडाला कुणी लागायचं नाही. सरपंचसुद्धा माझ्याशी बोलताना आधी घसा साफ करायचे. पण पोरांच्या बाबतीत माझं नाव होतं, ते काही उगाच नव्हतं. दुसऱ्या गावांत सेविका पोरांना खिचडी घालून घरी लावून द्यायच्या. मी पोरांना गाणी शिकवायची. स्वतः रचायची, चाल लावायची आणि प्रत्येक ओळीला हातवारे बसवायची. 'कोंबडा उठला, पंख झाडला, डोंगरावरती चढून बसला' असलं काहीतरी. पंख झाडताना दोन्ही हात, डोंगरावर चढताना गुडघे वर, सूर्य दिसला की डोळ्यांवर तळवा. अठ्ठावीस पोरं एका दमात हे करायला लागली की देवळात आलेली माणसं खिडकीशी थांबायची.

यात माझी एक पद्धत होती. एका हुशार पोराला पुढे, बाकीच्यांकडे तोंड करून उभं करायचं. माझ्याकडे बघून ते पोर करणार, त्याच्याकडे बघून बाकीचे. त्या वर्षी ते पोर म्हणजे शेवंता. साडेचार वर्षांची, बारीक चणीची, केसांना तेल लावून चापून चोपून बसवलेले. तिचा हात कधी चुकला नाही. बाकीची पोरं आकाशातलं विमान बघायची, एकमेकांच्या खोड्या काढायची. हिची नजर माझ्या हातावरून आणि तोंडावरून हलायची नाही. ओठही गाण्याबरोबर हलायचे. मला वाटायचं, असं एक लेकरू मिळालं की सेविकेच्या जन्माचं सार्थक होतं. अठ्ठावीस पोरांच्या गलक्यात कुणाचा आवाज आहे आणि कुणाचा नाही, हे मी कधी बघितलं नाही.

हजेरीचंही तसंच. नाव घेतलं की पोरांनी हात वर करून 'हजर बाई' म्हणायचं. हजेरीपटावर बजरंगच्या खाली शेवंताचं नाव. बजरंगनं हात खाली घेतला की हिचा वर जायचा. 'हजर बाई' कुणीतरी म्हणायचंच. नाहीतर शेजारची दोन पोरं मिळून म्हणायची. मी बरोबरची खूण करून पुढचं नाव घ्यायची.

आता तिच्या आईचं सांगते, कारण खरी चूक तिथे झाली.

कोकऱ्यांचं घर धनगराचं. दरवर्षी दिवाळी झाली की बिरा कोकरे घोड्यावर संसार लादायचा आणि मेंढरं घेऊन नदीकाठच्या मुलखात निघायचा. बायको मालन, लेकरं, कोंबड्या, सगळं बरोबर. शेवंता आदल्या वर्षी अंगणवाडीत नाव घालून चार महिने आली आणि मेंढरांमागे गेली. या वर्षी दसऱ्याच्या सुमाराला मालन माझ्याकडे आली. पाठीवर धाकटं पोर बांधलेलं. दारातच उभी राहिली, आत येईना. मी म्हटलं, ये की, मी काय खाते का तुला.

"बाई, येक इचारू? शेवंता हितं बोलती का?"

"म्हणजे?"

मग तिनं सगळं सांगितलं. घरी पोर एक शब्द बोलत नव्हती. काही हवं असेल तर हाताला धरून ओढायची, बोट दाखवायची. सासू म्हणायची, हिचा आजासुद्धा पाच वर्षांचा झाल्यावर बोलला, घाई कशाची. पण बिराच्या मनात शंका होती. मेंढरं निघायच्या आधी पोरीला मिरजेला डॉक्टरला दाखवून आणू, असं त्यानं ठरवलं होतं. बरोबर यायला मेव्हण्यालासुद्धा सांगून ठेवलं होतं.

मला हसू आलं. खरं सांगायचं तर थोडा रागही आला. माझ्या सगळ्यात हुशार पोरीला हे लोक डॉक्टरकडे न्यायला निघाले होते.

मी म्हणाले, "अगं, कसलं मिरज घेऊन बसलीस? इथे गाणी म्हणते ती. सगळ्यांच्या पुढे उभी असते. काही पोरं घरी लाजतात, बाहेर बोलतात. तू निर्धास्त रहा."

मालन माझ्याकडे बघत राहिली. तिचे डोळे भरून आले होते. मग तिनं जे विचारलं ते मला आजही जसंच्या तसं ऐकू येतं.

"माज्या शेवंताचा आवाज कसा हाय वो, बाई?"

मी एक क्षणसुद्धा थांबले नाही. हातातल्या कागदांवरून नजरही उचलली नाही.

"गोड आहे," मी म्हणाले.

मिरजेला जाणं राहिलं. बिरा मेंढरं घेऊन गेला आणि लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच मालन त्याच्या मागे गेली नाही. पोरगी हुशार आहे, बाईंच्या हाताखाली राहू दे, असं नवऱ्याला सांगून ती सासूजवळ गावात थांबली. गावात कुणीही भेटलं की सांगायची, आमची शेवंता अंगणवाडीत गाती.

आणि त्यानंतर दोन महिन्यांनी ते झाकण पडलं.

तानूमावशीला मी गप्प केलं खरं, पण माझ्या मनातून ते जाईना. दुसऱ्या दिवशी पोरं घरी गेल्यावर शेवंता एकटी मागे राहिली होती. मालनला यायला उशीर झाला होता. पोर फरशीवर चिंचोके मांडत बसली होती. एक रांग, तिच्याखाली दुसरी रांग. मी तिच्या पाठीमागे जाऊन उभी राहिले आणि हाक मारली. मग टाळी वाजवली. मग ताटलीवर चमचा मारला. शेवटी शाळेची पितळी घंटा आणली आणि तिच्या कानामागे दोन हातांवर धरून बडवली. ती चिंचोके मांडत राहिली. एक चिंचोका गडगडत गेला तो तिनं रांगून आणला आणि जागेवर ठेवला.

मी मटकन खाली बसले. त्या हादऱ्यानं तिला काहीतरी जाणवलं असावं. ती वळली, मला बघितलं आणि हसली. मग मांडलेल्या चिंचोक्यांकडे बोट दाखवलं, कसं छान केलंय बघा म्हणून.

आता कुणीही विचारील, मग त्याच दिवशी मालनला का नाही सांगितलं? सांगणारच होते मी. पण मालन आली, पोरीला कडेवर घेतलं, आज काय शिकवलं बाई म्हणून विचारलं, आणि मी म्हटलं, कोंबड्याचं गाणं. उद्या सांगू असं ठरवलं. त्या उद्याला तीन आठवडे लागले, तरीही मी सांगितलं नाहीच.

कारण पुढच्याच महिन्यात जिल्ह्याहून तपासणी येणार होती. तालुक्यातून एक आदर्श अंगणवाडी निवडायची होती आणि आमच्या पर्यवेक्षिका कदम मॅडम मला दोनदा सांगून गेल्या होत्या, की हेमलताबाई, तुमचंच नाव आहे, फक्त गाणी चांगली होऊ द्यात. गाणी म्हणजे शेवंता. आणि नुसतं तेवढंच असतं तरी मी मनाची समजूत घातली असती. पण प्रत्येक पोराच्या नावाचं एक प्रगतीचं कार्ड असायचं, ते दर तीन महिन्यांनी भरायचं. शेवंताच्या कार्डावर 'भाषिक विकास' या शब्दांपुढे मी माझ्या वळणदार अक्षरात 'उत्तम' लिहिलं होतं. एकदा नाही, तीनदा. पोर बहिरी आहे हे सांगायचं म्हणजे ते तीन उत्तम कुठून आले तेही सांगावं लागणार होतं.

त्याच आठवड्यात एक कागद आला. तालुक्याच्या गावी कानाच्या तपासणीचं शिबिर होतं, मुंबईचे डॉक्टर येणार होते, आणि लहान मुलांना कानात घालायचं मशीन फुकट देणार होते. आपल्या अंगणवाडीतलं असं कुणी बालक असल्यास नाव पाठवावं. शिबिर तपासणीच्या दहा दिवस आधी होतं. मी कागद वाचला, घडी घातली आणि टेबलाच्या खणात, खडूच्या डब्याखाली ठेवला. तानूमावशी समोरच भांडी घासत होती. तिला वाचता येत नव्हतं. कसला कागद म्हणून तिनं विचारलं, मी म्हटलं, डाळीच्या पोत्यांचा.

शिबिराचा दिवस आला आणि गेला. त्या दिवशी मी पोरांकडून कोंबड्याचं गाणं सात वेळा करून घेतलं.

तपासणी सोमवारी होती. मी खोली शेणानं सारवावी तशी स्वच्छ करून घेतली होती. दाराला आंब्याचा टहाळा बांधला होता. आयांनाही बोलावलं होतं, त्या भिंतीला पाठ लावून रांगेत बसल्या होत्या. मालन इरकलीचं ठेवणीतलं लुगडं नेसून आली होती. जिल्ह्याच्या मॅडम वयानं मोठ्या, शांत, चष्म्यातून निरखून बघणाऱ्या. आल्या त्या आधी पोरांत खाली बसल्या. खुर्ची दिली तर नको म्हणाल्या. इथेच मला धाकधूक वाटायला हवी होती, पण मी गाण्याच्या तंद्रीत होते.

गाणं झकास झालं. शेवंतानं पंख झाडले, डोंगर चढली, सूर्य दिसला तसा डोळ्यांवर तळवा धरला. अठ्ठावीसमधली सत्तावीस पोरं, तिच्यासकट, एका तालात हलली. सत्तावीस, कारण बजरंग आला नव्हता. मामाच्या गावी जत्रेला गेला होता, आणि हे मला सकाळी कळलं होतं तरी त्यात काही बिघडेल असं डोक्यात आलं नाही. कदम मॅडमनी लांबूनच मला मान हलवून शाबासकी दिली.

मग जिल्ह्याच्या मॅडम म्हणाल्या, "आणा ती हजेरी. मीच घेते आज."

त्यांनी एकेक नाव घ्यायला सुरुवात केली. पोरं हात वर करत होती, हजर बाई म्हणत होती. बजरंगचं नाव आलं, कुणीतरी ओरडलं, जत्रेला गेलाय. मॅडम हसल्या आणि पुढचं नाव घेतलं.

"शेवंता बिरा कोकरे."

हात वर गेला नाही, म्हणून 'हजर बाई'ही कुणी म्हणालं नाही. शेवंता शेजारच्या रिकाम्या जागेकडे बघत होती. तिला कुणाचा हात दिसत नव्हता.

"शेवंता कोण?" मॅडमनी विचारलं. चार पोरांनी तिच्याकडे बोट केलं. मॅडम म्हणाल्या, "अरे, ही तर आपली कोंबडेवाली. ये बाळ, मला एकटीला म्हणून दाखव गाणं."

मी मॅडमच्या मागे उभी होते. काय करावं ते सुचेना, तर मी हातवारे सुरू केले. शेवंतानं माझ्याकडे बघितलं आणि तिचा चेहरा खुलला. ती उठली, पुढे आली आणि करायला लागली. पंख, डोंगर, सूर्य, सगळं बरोबर. ओठ हलत होते आणि त्या भरलेल्या खोलीत तिच्या पैंजणांशिवाय कसलाही आवाज नव्हता. दोन-तीन पोरं खुसखुसली.

"लाजते हो मॅडम," मी म्हणाले. "एरवी खूप बोलते."

भिंतीपाशी मालन उठून उभी राहिली. तिला कुणी बोलायला सांगितलं नव्हतं.

"शेवंता, म्हन की. हितं म्हनतीस न्हवं तू?" आणि मग ती माझ्याकडे वळली. "बाई, तुमी म्हनला व्हता, आवाज गोड हाय."

सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. मी काही सांगायच्या आधीच मागे धडाड् करून आवाज झाला. आया दचकल्या, जिल्ह्याच्या मॅडमच्या हातातून हजेरीपट सुटला, पोरं किंचाळली. तानूमावशीनं पातेल्याचं झाकण डोक्याच्या वर धरून खाली सोडलं होतं. ते फिरत राहिलं, वाजत राहिलं. आणि शेवंता त्या सगळ्या गोंधळात डोळ्यांवर तळवा धरून माझ्याकडे बघत होती, पुढची ओळ मी कधी दाखवते म्हणून.

मॅडमना एका नजरेत कळलं. त्या उठल्या, पोरीजवळ गेल्या, तिच्या कानामागे चुटकी वाजवली. मग दुसऱ्या कानामागे. मालन ते बघत होती. ती रडली नाही. तिनं फक्त भिंतीचा आधार घेतला.

"हेमलताबाई," मॅडमनी मला विचारलं. आवाजात राग नव्हता. "तुमच्या लक्षात आलं नव्हतं?"

तानूमावशी झाकण उचलायला वाकली होती. तिनं वर बघितलं. तिची नोकरी माझ्या एका शब्दावर होती, आणि माझी तिच्या.

"नाही," मी म्हणाले.

तानूमावशीनं झाकण पदरानं पुसलं आणि पातेल्यावर ठेवलं.

मॅडमनी समजून घेतलं. अठ्ठावीस पोरं आणि एक सेविका, होतं असं, म्हणाल्या. त्या वर्षी आमचा तालुक्यात दुसरा नंबर आला. ते प्रमाणपत्र अजून भिंतीवर आहे, मी काढलं तर लोक कारण विचारतील म्हणून. बिराला निरोप गेला, तो मेंढरं भावाच्या हवाली करून आला आणि नवरा-बायको पोरीला मिरजेला घेऊन गेले. डॉक्टर म्हणाले, थोडं ऐकू येण्याजोगं आहे, पण मशीन लागेल, आणि ते जितकं लहानपणी मिळेल तितकी वाचा येईल. मशीन विकत घेणं त्यांच्या आवाक्यातलं नव्हतं. फुकटचं शिबिर पुन्हा यायला अडीच वर्षं गेली. मशीन कानात आलं तेव्हा शेवंता सात वर्षांची होती. साताऱ्याकडे मुक्या-बहिऱ्या मुलांच्या निवासी शाळेत ती दहावीपर्यंत शिकली, शिवणकाम शिकली, हातांनी बोलायला शिकली. तोंडानं मात्र तिला चार-सहा शब्दांच्या पुढे जाता आलं नाही.

मालननं मला कधी वाकडा शब्द ऐकवला नाही. उलट रस्त्यात भेटली की थांबायची, बाई बऱ्या हाय का म्हणायची. तिची धाकटी दोन्ही लेकरं माझ्याच हाताखालून गेली. त्या दोघांचे कान मी पहिल्याच दिवशी तपासले होते. नंतर जे जे पोर अंगणवाडीत आलं, त्याचे तपासले. तेही मी कुणाला सांगितलं नाही. तानूमावशी निवृत्त झाली आणि दोन वर्षांनी गेली. मी तिच्या मयतीला गेले होते, पण माझ्याच्यानं तिच्या तोंडाकडे बघवलं नाही.

गेल्या पौषात, पोरं घरी गेल्यावर मी वजनाची नोंद करत बसले होते. दारात मालन उभी. तिच्या मागे शेवंता, कडेवर पाच महिन्यांची मुलगी. शेवंताचा नवराही तिच्याच शाळेतला, तिच्यासारखाच. कऱ्हाडला छापखान्यात कामाला आहे.

"बाई," मालन म्हणाली, "उद्या हिला मशीनीवर तपासायला न्यायचंय. पर रातभर डोळ्याला डोळा न्हाई. म्हनलं, आधी तुमच्याकडं यावं. तुमीच बगा, पोरीला ऐकाय येतंय का."

मी आत गेले. स्टोव्हच्या जागी आता गॅस आहे, पातेली बदलली, पण ते झाकण अजून तेच आहे, एका बाजूला चेमटलेलं. मी ते उचललं. पोरगी आजीच्या मांडीवर स्वतःच्या मुठी चोखत पडली होती. मी तिच्या डोक्यामागे जाऊन उभी राहिले. मी देवबिव फारसा मानत नाही, पण मी मारुतीचं नाव घेतलं आणि झाकण सोडलं.

पोरगी अंगभर दचकली, दोन्ही हात फेकले आणि टाहो फोडला. मालननं तिला छातीशी धरलं आणि पदरात तोंड खुपसून रडायला लागली. शेवंता लेकीच्या उघड्या तोंडाकडे बघत होती, मग माझ्याकडे. मी मान हलवली. हो. ऐकू येतं. ती तिथेच खाली बसली.

पोर शांत झाल्यावर मी म्हणाले, "मालन, त्या साली मला आधीच कळलं होतं. तपासणीच्या तीन आठवडे आधी."

मालन नातीची कुंची सारखी करत होती. तिनं वर बघितलं नाही.

"ठावं हाय. तानूमावशीनं त्याच उन्हाळ्यात सांगितलं. झाकन पयल्यांदा पडलं तवाच तुमाला बोलले व्हते, म्हनली."

"आणि तू मला एका शब्दानं बोलली नाहीस."

"बोलून काय करू? मागनं दोन लेकरं व्हती माजी. गावात अंगनवाडी येकच. तुमाला बोलले असते तर त्यांच्याकडं कोन बगनार व्हतं?"

वीस वर्षं मी समजत होते की ही बाई मला मान देते. मी तिच्यासमोर फरशीवर बसले. आता थांबले असते तर चाललं असतं. पण मग उरलेलं मी माझ्याबरोबर घेऊन मेले असते.

"अजून एक आहे," मी म्हणाले. आणि मी तिला शिबिराच्या कागदाचं सांगितलं. मुंबईच्या डॉक्टरांचं, फुकट मशीनचं, खडूच्या डब्याचं.

मालनचे हात थांबले.

"हे न्हाई सांगितलं मावशीनं."

"तिला वाचता येत नव्हतं."

"मंजी तवाच भेटलं असतं मशीन? साडेचार वर्साची व्हती तवा?"

"हो."

मी वाट बघत होते, की ती उठेल, मला शिव्या देईल, निदान निघून तरी जाईल. ती माझ्याकडे बघतसुद्धा नव्हती.

आमच्यात काय चाललंय ते शेवंताला कळत नव्हतं. तिनं फरशीवरचं झाकण उचललं, उलटसुलट करून बघितलं आणि लेकीच्या पाठीमागे जाऊन खाली सोडलं. पोरगी पुन्हा दचकली. या वेळी रडली नाही, मान वळवून आवाजाकडे बघायला लागली. शेवंतानं ते बघितलं आणि ती हसली. पोट धरून, मोठ्यानं हसली. घोगरा, फाटका, वर-खाली होणारा आवाज, कुठे थांबायचं ते माहीत नसलेला. शेवंता माझ्या हाताखाली असताना मी तो कधी ऐकला नव्हता, आणि त्यानंतरही ऐकायला कधी थांबले नव्हते.

"ऐका, बाई," मालन म्हणाली. "असा हाय तिचा आवाज."

शेवंतानं झाकण पुन्हा उचललं होतं.